मागावर बांधलेली घड्याळे

घड्याळ हे यंत्र मनुष्याच्या सेवेसाठी निर्माण झाले आहे, असा माझा अनेक वर्षे समज होता. तो समज कोणत्या क्रमाने नाहीसा झाला, ते सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे. वाचकांनी हसावे की हळहळावे, हे त्यांच्या मर्जीवर सोडतो. आमच्या घरात या विषयावर हसण्यास सध्या मनाई आहे. ती मनाई मी केलेली आहे आणि ती कोणीही पाळत नाही.

माझ्याजवळ अकरा ऑटोमॅटिक मनगटी घड्याळे होती. सर्व स्विस बनावटीची, सर्व साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, आणि सर्व मी मोडीच्या दुकानांतून किंवा लोकांच्या कपाटांच्या तळातून स्वतः शोधून काढलेली. त्यांच्या तबकड्या जुन्या हस्तिदंतासारख्या पिवळसर झालेल्या होत्या. त्यांचा सेकंदाचा काटा आजच्या घड्याळाप्रमाणे उड्या मारीत नसे. तो तेलाच्या धारेसारखा सरकत असे. अशा घड्याळाला सेल नसतो आणि रोज चावीही द्यावी लागत नाही. आत अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन असते. मनगट हलले की ते फिरते, ते फिरले की स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि घड्याळ चालते. म्हणजे आपला मालक जिवंत असून काही उद्योग करीत आहे, असे ते गृहीत धरते. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकलेला नाही.

परंतु ज्या महापुरुषाने हे यंत्र शोधले, त्याने एका मनुष्याजवळ अकरा घड्याळे असतील अशी कल्पना केलेली नसावी. मनगटे दोनच. मी डाव्या हातावर तीन आणि उजव्या हातावर दोन घालीत असे, व दुसऱ्या दिवशी ती बदलीत असे. तरीही निम्मी घड्याळे कपाटात मरून पडत. त्यातून माझा धंदा पडला विणकराचा. वडगावात आमच्या सोप्यात चार यंत्रमाग आहेत. माग आपोआप चालतो आणि विणकर त्याच्याकडे पाहत उभा राहतो. तुटलेला धागा जोडण्यापुरताच हात हलतो, आणि तेवढ्याने स्विस घड्याळाचे समाधान होत नाही.

शेजारचे यल्लाप्पा रोज आमच्या पायरीवर बसून चहा घेतात. ते म्हणाले, "रवळूअण्णा, हातावर पाच घड्याळं हायत, आणि परवा माझ्या नातवाच्या बारशाला तू तासभर उशिरा आलतास."

घड्याळाचे प्रयोजन केवळ वेळ दाखवणे एवढेच नसते, असे मी त्यांना शांतपणे सांगितले.

त्यांनी विचार केला. "मग काय, भाकरी भाजती व्हय?"

समोरच्या मालुबाईंनी मात्र प्रश्नाचा मुळातून विचार केला होता. "आमच्या म्हशीच्या गळ्यात बांधा की वो. दिवसभर माशा हाकलत मान हलवती. घड्याळास्नी बी तेवढीच हवा." मी ही सूचना तत्काळ फेटाळली नाही. म्हैस चिखलात बसते काय, अशी चौकशी केली. बसते, असे कळल्यावर विषय सोडून दिला. आमच्या सौभाग्यवती यशोदाबाईंचा उपाय याहून कडवट होता. "रोज दोन वेळची कणीक मळायला घ्या. अकराच्या अकरा चालतील." या विधानानंतर मी एका घड्याळाची काच पुसावयास घेतली. काही प्रसंगी मौन हेच गृहस्थाचे भूषण असते.

अशा वेळी निपाणीचे वर्धमान आप्पा आमच्या घरी आले. तंबाखूचे जुने व्यापारी, वय ब्याऐंशी, पांढरे धोतर, पांढरी टोपी, आणि बोलणे इतके हळू की समोरच्याने आपोआप आवाज खाली आणावा. नात दिव्या हिच्या साखरपुड्यासाठी साड्या पाहायला ते आले होते. परंतु साड्या बाजूला राहिल्या आणि त्यांची दृष्टी माझ्या मनगटांवर खिळली.

"ही सगळी चालत्यात?"

"पाचही," मी म्हणालो. "आणि तीही आपसांत दोन मिनिटांच्या अंतराने."

आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशातून मलमलीची पुरचुंडी काढली. आत एक ऑटोमॅटिक घड्याळ होते. सोनेरी खुणांची मलईच्या रंगाची तबकडी, तिच्यावर एक ओरखडा नाही. माझे श्वासोच्छ्वास अनियमित झाले. माझ्या अकरापैकी सर्वांत लाडके, मी पहिल्याने मिळवलेले घड्याळ याच बनावटीचे होते. पण माझे म्हणजे झिजून गेलेला भाऊ आणि हे म्हणजे नवरदेव.

"माझ्या वडलांचं," आप्पा म्हणाले. "आमच्यात सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा घेत न्हाईत, तुमाला ठावं असंल. वडील असेपतोर आमच्या घरची चूल या घड्याळावर विझायची. घरात पन्नास माणूस, पण एक दिवस कुणी उपाशी ऱ्हायलं न्हाय, की कुणाचा नेम मोडला न्हाय. ते गेले, घड्याळ बी थांबलं. एकोणीस वर्षं झाली."

मग त्यांनी आपला मनोदय सांगितला. मार्गशीर्षातल्या रविवारी निपाणीत साखरपुडा होता. त्या दिवशी पंगती वडिलांच्या घड्याळावर बसाव्यात आणि त्याच घड्याळावर उठाव्यात, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर ते घड्याळ होणाऱ्या नातजावयाच्या मनगटावर बांधावे. "माझ्या हयातीत एवढं एक बघायचं हाय. दुसऱ्या कुणाच्या हातात देववत न्हाय. तुमी जाणकार दिसताय."

जाणकार! आजवर मला 'खुळा', 'घड्याळवाला' आणि एकदा लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. रवळू व इतर' असे संबोधले गेले होते. मी उभा राहिलो, दोन्ही हात जोडले आणि म्हणालो, "आप्पा, आपल्या पूज्य पित्याचा हा ठेवा मी प्राणापलीकडे जपेन." यशोदाबाई आत भांडी लावीत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. त्यांना माझ्या वचनांची भीती वाटते.

दुसऱ्याच दिवशी मी ते घड्याळ बेळगावला खडेबाजारात नागेंद्र मास्तरांकडे नेले. मास्तरांचे दुकान कपाटाएवढे आहे, आणि सेलच्या घड्याळाला ते हात लावीत नाहीत. त्यांनी यंत्र उघडले, धुतले, तेल दिले आणि चार दिवसांनी परत देताना म्हणाले, "यंत्र अगदी नवं हाय. आता आठ दिवस हातावर घाला, बास. दुसरं कायबी करू नका."

हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. मी ते दोनदा ऐकले.

पण घरी आल्यावर माझ्या मनात नैतिक शंका उत्पन्न झाली. दुसऱ्याच्या स्वर्गवासी वडिलांचे घड्याळ आपल्या घामट मनगटावर बांधणे सभ्यपणाचे होईल काय? पुन्हा, ते बांधायचे तर माझे कोणते तरी उतरवावे लागणार; मग त्याने काय पाप केले? या विचारात असताना माझी दृष्टी चौथ्या मागावर पडली. त्याच्या बीमच्या रुळावरचे सूत संपले होते, म्हणून तो रिकामा उभा होता. मागाला पुढेमागे झुलणारी एक लाकडी चौकट असते. तिला आम्ही हात्या म्हणतो. प्रत्येक धाग्यामागे ती एक ठोका मारते. मिनिटाला सव्वाशे ठोके. मनुष्याचे मनगट दिवसभरात जेवढे हलत नाही तेवढी ती तासाभरात हलते. जन्मभर मी ज्या हालचालीसमोर उभा राहिलो, तीच मला हवी होती, आणि ती मला दिसली नव्हती. स्वित्झर्लंडात माग असते तर त्यांनाही हेच सुचले असते, असे मला त्या क्षणी वाटले. आता वाटत नाही.

लाडके घड्याळ मनगटावर ठेवून उरलेली दहा आणि अकरावे आप्पांचे, अशी अकरा घड्याळे मी साडीच्या काठाच्या चिंध्यांनी हात्यावर ओळीने बांधली. खाली कापसाच्या गाद्या केल्या. मग बटण दाबले. वर्णन कसे करावे! अकरा तबकड्या एकसाथ पुढे येत, एकसाथ मागे जात. पंधरा मिनिटांनी माग थांबवून पाहिले, तर कपाटात मेलेली सहाही जिवंत! मी यल्लाप्पांना व मालुबाईंना बोलावून दाखवले.

यल्लाप्पांनी वाकून पाहिले. "जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यासारखं दिसतंय. वांती करायची न्हाईत न्हवं?"

मालुबाई म्हणाल्या, "माझी म्हसच बरी हुती."

मी पुन्हा माग सुरू केला. एक तास चालवायचा आणि थांबवायचा, असे ठरवले होते. हा निश्चय किती विवेकी होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढे कोणीही ते ध्यानात ठेवले नाही.

दहा मिनिटे झाली नसतील, तोच दारात वीज कचेरीचे तपासनीस उभे राहिले. आम्हा विणकरांना सवलतीच्या दराने वीज मिळते, आणि ती विणण्यासाठीच वापरली जाते की नाही हे पाहण्यास ते वर्षातून एकदा येतात. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात. त्यांनी पहिले तीन माग पाहिले, मान हलवली आणि चौथ्यापाशी थांबले.

"हे काय हो यजमान्रे? साडी कुठं?"

मी साद्यंत स्पष्टीकरण दिले. मागांच्या आवाजात ते मला ओरडून द्यावे लागले, आणि ओरडून सांगितल्यावर ते मलाही थोडे विचित्र वाटले.

त्यांनी फॉर्म काढला. "कॉलम सात. मागावर तयार होणारा माल."

"या क्षणी माल तयार होत नाही. घड्याळांना चालना दिली जात आहे."

"चालना म्हणजे किती मीटर?"

"ती मीटरवर मोजली जात नाही, साहेब."

"मग मी लिहू काय?" ते कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "कापड लिहिलं तर खोटं, रिकामा माग लिहिला तर चालू दिसतोय. घड्याळाला सेल घालायचा की हो! तुम्ही कचेरीत चला. तिथं लेखी द्या. पंधरा मिनिटांचं काम."

मी निघालो. यशोदाबाईंना हातवारे करून बजावले, "मी येईपर्यंत या मागाला कोणीही हात लावायचा नाही!" यल्लाप्पा किंवा मालुबाई घड्याळे हाताळतील अशी मला भीती होती. माग थांबवून जावे, हे माझ्या ध्यानात आले नाही. पंधरा मिनिटांचाच तर प्रश्न होता.

कचेरीत ज्या कारकुनाकडे लेखी द्यायचे ते जेवायला गेले होते. ते आले, तेव्हा छापील नमुना कन्नडमध्ये होता आणि अर्ज लिहून देणारे गृहस्थ जेवायला गेले होते. ते आल्यावर कारकुनाने विचारले, "बिगर विणकामाचं यंत्र. किती हॉर्सपॉवरचं?" मी म्हणालो, घड्याळाला हॉर्सपॉवर नसते. ते म्हणाले, चौकट मोकळी ठेवता येत नाही. तेव्हा अकरा घड्याळांची अश्वशक्ती शून्य पूर्णांक शून्य एक अशी मी अंदाजाने भरली, आणि ती दशांश चिन्हामुळे संगणकात बसेना. मधल्या काळात मी घरी सात वेळा फोन केला. पण माग चालू असताना आमच्या घरी फोन वाजतो, हे केवळ फोनलाच कळते.

मी परतलो तेव्हा साडेचार तास उलटले होते. चौथा माग निष्ठेने चालू होता.

"मी चारदा येऊन बघितलं," यशोदाबाई म्हणाल्या. "लई खडखडायलंय म्हटलं. पण तुमीच सांगून गेलासा, कुणी हात लावायचा न्हाय. मागल्या वेळी तुमचं टेबल पुसलं तर तीन दिवस बोलला न्हाईसा."

मी माग बंद केला. अकराही घड्याळे थांबलेली होती. दोन घड्याळांचे काटे तबकडीच्या तळाशी पडले होते. मी आप्पांचे घड्याळ सोडवून कानाशी नेले आणि हळूच हलवले. आतून लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा आवाज आला. तबकडी मात्र तशीच होती, मलईच्या रंगाची, ओरखडा नसलेली, आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी मागाच्या पायाशी जमिनीवर बसलो. यशोदाबाईंनी न मागता पाणी आणून दिले. त्यावरून अपघाताचे गांभीर्य मला कळले.

नागेंद्र मास्तरांनी पाठीचे झाकण काढले, डोळ्याचे भिंग उतरवले, पुसले, पुन्हा लावले. आतले वजन सुटून गरगरत राहिले होते आणि त्याने सगळी चाके खाल्ली होती.

"रवळू," ते म्हणाले, "मी काय सांगितलं हुतं?"

"हातावर घाला म्हणून."

"हात म्हणजे हा." त्यांनी आपला हात माझ्यासमोर धरला. "हे कशावर बांधलं हुतं?"

"हात्यावर."

मास्तरांनी आपला हात खाली घेतला. सुटे भाग मिळतील काय, असे मी विचारले. मिळणार नाहीत. मुंबईत? नाहीत. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर स्थिर झाली, आणि त्यांना काय म्हणायचे आहे ते त्यांनी म्हणण्यापूर्वीच मला कळले. त्याच बनावटीचे यंत्र सबंध जिल्ह्यात एकाच ठिकाणी होते.

माझे लाडके घड्याळ मी स्वतःच्या हाताने सोडून काचेवर ठेवले. मास्तरांनी त्याचे यंत्र काढून आप्पांच्या घड्याळाच्या डबीत, आप्पांच्या तबकडीखाली बसवले. आप्पांचे मोडके यंत्र त्यांनी कापसात गुंडाळून काडेपेटीत घालून दिले. "घड्याळ त्यांचं, जीव तुमचा," ते म्हणाले. "पण तुमची स्प्रिंग म्हातारी हाय. हातावर हाय तोवर ठीक. उतरलं की सहा तास नीट चालंल, मग रखडंल. थांबणार न्हाय, रखडंल. ते वाईट. त्यास्नी सांगा."

"फोन लावा आणि खरं सांगून टाका," यशोदाबाईही म्हणाल्या. मी म्हणालो, योग्य प्रसंगी सांगेन. त्यानंतर नऊ दिवस गेले. प्रत्येक दिवशी मी योग्य प्रसंगाची वाट पाहिली आणि तो आला नाही.

रविवारी सकाळी मी कोट घालून, यशोदाबाईंसह एसटीने निपाणीस गेलो. मंगल कार्यालयात आप्पा पाहुण्यांच्या स्वागतासाठी उभे होते. मी मनगटावरून घड्याळ उतरवून त्यांच्या हातात दिले. तेव्हा बरोबर दहा वाजले होते. आप्पांनी ते कानाशी धरले आणि डोळे मिटले. त्यांच्या पापण्यांतून पाणी आले.

"हाच," ते म्हणाले. "हाच आवाज."

हा योग्य प्रसंग होता. तो मी ओळखला आणि जाऊ दिला.

"आप्पा, आता ते आपण मनगटावर..." एवढे मी म्हणालो.

"छे! वडलांचं घड्याळ मी घालायचं? ते सरळ जावयाच्या हातावर जाईल." आणि त्यांनी ते वडिलांच्या तसबिरीपुढे, चांदीच्या ताटात, फुलांवर ठेवले. शेजारी समई लावली.

दहा अधिक सहा, सोळा. चार वाजता माझी म्हातारी स्प्रिंग थकणार होती. साखरपुडा चारला, पहिली पंगत पाचला, दुसरी साडेपाचला, आणि सहाला सूर्यास्त. मला कार्यालयातील उत्तम खुर्चीवर बसवण्यात आले. दर अर्ध्या तासाने मी उठत असे, तसबिरीपुढे जाऊन साष्टांग नमस्कार करीत असे, आणि उठताना ताटाला धरून ते जमेल तेवढे हलवीत असे. तिसऱ्या नमस्काराला आप्पांच्या भगिनी धोंडूबाई सद्गदित झाल्या. "आमच्या वडलास्नी कधी बघितलं बी न्हाय या माणसानं, आणि केवढी भक्ती!" पाचव्या नमस्काराला समई लवंडता लवंडता राहिली, आणि धोंडूबाई ताटाशेजारी पाट मांडून बसल्या. "आता दुरूनच करा हं. नमस्कार पावतोय."

यशोदाबाई बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे पाहत होत्या. त्या दृष्टीचे वर्णन मी करणार नाही.

साखरपुडा झाला. कार्यालयाला पडदे लावलेले, आत दिव्यांचा लखलखाट. बाहेर काय चालले आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. आप्पांनी ताटाकडे पाहून म्हटले, "पाचाला वीस मिनिटं कमी हायत."

त्यांचा नातू गोमटेश मोबाईल पुढे करून म्हणाला, "अज्जा, पाच वाजून धा मिनिटं झाल्यात."

"माझे वडील हुते तवा मोबाईल हुता काय? आणि कोण उपाशी ऱ्हायलं काय? आज त्यांच्या घड्याळावर चालायचं, ठरलंय."

पाहुण्यांत हसू उसळले. दिव्याच्या सासरकडील वडीलधारी मंडळीही कौतुकाने हसली. आप्पा आज आनंदात होते, आणि त्यांना कोण दुखवणार? गोमटेशने मोबाईल खिशात घातला.

"वीस मिनिटं हायत, तर रवळूअण्णांचा सत्कार उरकून घेऊ," आप्पा म्हणाले.

मला ठाऊक होते. गोमटेश खरे बोलत होता, आणि घड्याळ अर्धा तास मागे का पडले होते हे त्या सभागृहात, यशोदाबाई सोडल्यास, एकट्या मला ठाऊक होते. हे मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो. पण माझ्या खांद्यावर शाल आली. डोक्यावर फेटा आला. हातात नारळ आला, आणि नारळापाठोपाठ माईक. आजवर माझ्या हातात कोणी माईक दिलेला नव्हता. दोन शब्द बोलून खरे सांगून टाकावे, या शुद्ध हेतूने मी आरंभ केला. परंतु दोन शब्दांपूर्वी प्रस्तावना आवश्यक वाटली. कालगणनेच्या उगमापासून मी वाळूच्या घड्याळापर्यंत आलो, तेथून लंबकापर्यंत, आणि लोक ऐकत होते! तीनशे माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. ऑटोमॅटिक यंत्राच्या वजनाची रचना सांगताना मागून कोणीतरी टाळीही वाजवली. ती आटोपते घेण्याची सूचना होती, असे यशोदाबाईंचे म्हणणे आहे.

मी खाली बसलो तेव्हा ताटातील घड्याळात अजून पाच वाजायचे होते. मला घाम फुटला होता. वाऱ्यासाठी मी मागचे दार उघडून बाहेर आलो.

सूर्य समोरच्या उसाच्या तुऱ्यांना टेकला होता.

मी फेट्यासह धावत आत आलो, माईक ओढला आणि ओरडलो. त्या वेळी एकही पुस्तकी शब्द मला आठवला नाही. "उठा! जेवायला बसा! दिवस बुडायलाय! हे घड्याळ खोटं हाय! आतलं यंत्र माझं हाय, आप्पांच्या वडलांचं न्हवं! ते मी मागावर बांधून मोडलं!"

मग गोमटेशने पडदा ओढला, आणि तांबडा उजेड थेट तसबिरीवर पडला.

पुढची पंधरा मिनिटे मी विसरू इच्छितो. पाने मांडली जात होती आणि त्याच वेळी वाढली जात होती. नवऱ्याकडील वृद्ध मंडळींना आधी बसवण्यात आले. कोणी भातावर नुसते तूप घेऊन उठत होते, कोणी उभ्यानेच पाणी पीत होते, एका आजोबांनी हातात पोळी घेऊन खिडकीबाहेर पाहत पाहत ती संपवली. आप्पा प्रत्येक पानापाशी वाकून म्हणत होते, "घ्या, घ्या, अजून हाय वेळ." यजमान पाहुण्यांआधी कसा बसणार? धोंडूबाई भावाला सोडून कशा बसणार? शेवटच्या पाहुण्याने हात धुतला तेव्हा दोघे भाऊ-बहीण पानावर बसायला वळली, आणि गोमटेश दाराशी उभा राहून हळूच म्हणाला, "अज्जा, गेला."

आप्पा थांबले. धोंडूबाईंनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सकाळी धार्मिक विधी असल्याने दोघांनी दिवसभर काही घेतले नव्हते; आता उद्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंबही घेता येणार नव्हता. वय ब्याऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर.

आप्पा माझ्याकडे आले. मी शाल काढून घडी करीत होतो. ती कोणाला परत द्यावी हे कळत नव्हते.

"वडलांचं यंत्र कुठं हाय?" त्यांनी विचारले.

मी कोटाच्या खिशातून काडेपेटी काढून दिली. त्यांनी ती उघडली, कापूस बाजूला केला, एक चाक बोटाच्या टोकाने हलवून पाहिले, आणि पेटी मिटून छातीच्या खिशात ठेवली. मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून वर उठवले आणि एका पानावर नेऊन बसवले.

"तुमी जेवा," ते म्हणाले. "तुमाला चालतंय."

मी नको म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. घरी आलेला माणूस उपाशी गेला असे त्यांच्याकडे झालेले नव्हते. शेजारच्या पानावर यशोदाबाईंना बसवले, तर त्यांनी हात जोडले. "आज मी बी तुमच्यासंगट," त्या म्हणाल्या, आणि उठून धोंडूबाईंजवळ जाऊन बसल्या. राहिलो मी. रिकाम्या पंगतीत एकटाच, फेटा बांधलेला. आप्पांनी स्वतःच्या हातांनी पोळी वाढली, तीवर तूप सोडले, भात वाढला, आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. दिवसभर उपाशी असल्याने त्यांचे ओठ सुकले होते.

मी घास घेतला. तो गिळता येईना, आणि टाकताही येईना. लवकर उरकून जावे म्हणून मी घाईघाईने दुसरा घेतला, आणि मला ठसका लागला.

आप्पांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"सावकाश होऊ द्या," ते नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले. "आता काय घाई न्हाय."